हॉटेलातील कामाचा अनुभव आणि दुसऱ्या क्षेत्रातील नोकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘हॉटेल’ म्हणजे खाण्यापिण्याची जागा: उडुपी, खानावळ, मिसळीचे दुकान, ढाबा, बार आणि रेस्टॉरंट, साखळी पद्धतीची फास्ट फूडची दुकाने आणि तारांकित हॉटेलांतील भोजनकक्षही. अशा ठिकाणी वेटर, कॅप्टन (वेटरांचा प्रमुख), कूक, हेल्पर, कॅशियर किंवा मॅनेजर म्हणून काम केलेल्या आणि आता बँक, रुग्णालय, कारखाना, दुकान किंवा कार्यालयात जाऊ पाहणाऱ्या वाचकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत.

दुसऱ्या क्षेत्रातील कंपन्या हॉटेलातील अनुभव खरोखर धरतात का?

धरतात, मात्र आपोआप धरत नाहीत. भरती करणाऱ्या माणसाने स्वतः कधी हॉटेलात काम केलेले नसेल, तर ‘वेटर, दोन वर्षे’ एवढ्या ओळीतून त्याला काहीही कळत नाही. शनिवारी रात्री नऊ वाजता बाहेर माणसे ताटकळत उभी असताना आतल्या माणसाला एका वेळी किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, याची त्याला कल्पना नसते. तीच दोन वर्षे नेमकी जबाबदारी, आकडे आणि पुरावा यांसह समोर आली की तोच माणूस पुढचे प्रश्न विचारू लागतो. अनुभव खरा असूनही केवळ नीट मांडला न गेल्यामुळे वाया जातो, हे मला फार खटकते, आणि खालची बहुतेक उत्तरे त्याच कारणाने लिहिली आहेत.

वेटरच्या कामातून असे काय शिकायला मिळते, जे बाहेर उपयोगी पडते?

एका वेटरकडे पाच-सहा टेबले असतात असे धरू. पहिल्या टेबलावर माणसे नुकतीच बसली आहेत, दुसऱ्याला ऑर्डर द्यायची आहे, तिसऱ्याचे सूप संपले आहे पण जेवण अजून आतून आलेले नाही, चौथ्याला घाईने बिल हवे आहे आणि पाचव्यावर लहान मुलाने पाणी सांडले आहे. यांपैकी कोणते काम याच क्षणी करायचे, कोणते दोन मिनिटांनी केले तरी चालेल आणि कोणते हेल्परकडे सोपवायचे, हे तो चालता चालता ठरवतो. ते ठरवताना स्वयंपाकघराचा वेगही त्याच्या डोक्यात असतो, कारण तंदूरवर आधीच मोठी ऑर्डर लागलेली असेल तर पुढच्या टेबलाला ‘पाच मिनिटांत आणतो’ असे सांगणे म्हणजे पाच मिनिटांनी भांडण ओढवून घेणे होय. रुग्णालयाच्या स्वागतकक्षात, बँकेच्या काउंटरवर, मालवाहतुकीच्या नियंत्रण कक्षात किंवा कॉल सेंटरमध्ये नव्या माणसाला सर्वांत जड जाणारी गोष्ट हीच असते: सगळेच तातडीचे वाटत असताना क्रम लावणे, आणि लावलेला क्रम परिस्थिती बदलताच पुन्हा बदलणे.

मानसशास्त्रातही वेटरच्या कामाची एक जुनी आठवण आहे. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने बर्लिन येथे केलेल्या आणि १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अपुरी राहिलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असा निष्कर्ष मांडला. बिल चुकते होईपर्यंत सगळी ऑर्डर लक्षात ठेवणारे आणि पैसे मिळताच ती विसरून जाणारे वेटर पाहून तिचे प्राध्यापक कुर्ट लेविन यांना या प्रश्नाचे कुतूहल वाटले, असे सांगितले जाते. कसलेला वेटर मात्र स्मरणशक्तीवर सगळा भार टाकत नाही. तो केओटी, म्हणजे स्वयंपाकघरात द्यायची ऑर्डरची चिठ्ठी, लिहितो, त्यावर टेबल क्रमांक आणि वेळ टाकतो, ‘तिखट कमी’, ‘कांदा-लसूण नको’ अशा सूचना नोंदवतो आणि ऑर्डर ग्राहकाला वाचून दाखवतो. ऐकलेले परत म्हणून दाखवण्याची ही सवय परिचारिका, फार्मासिस्ट आणि विमानचालक यांना मुद्दाम प्रशिक्षण देऊन लावली जाते. वेटरला ती पहिल्या महिन्यातच लागते, कारण चुकीची ऑर्डर परत आली की तिचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

तिसरी गोष्ट तक्रारीची. चिडलेल्या ग्राहकासमोर आवाज न चढवता उभे राहणे, त्याचे म्हणणे पुरते ऐकणे, आपल्या अधिकारात काय आहे आणि कशासाठी मॅनेजरला बोलवावे लागेल हे ओळखणे, आणि उपाय किती वेळात होईल ते खरे सांगणे, हे काम पुस्तकातून येत नाही. पदार्थ संपला असेल तर तो संपल्याचे ऑर्डर घेतानाच सांगावे, वीस मिनिटांनी नव्हे, हा हॉटेलातला साधा नियम आहे. अनेक मोठ्या कार्यालयांत प्रकल्प रखडल्याची बातमी वरिष्ठांना शेवटच्या दिवशी कळते, तेव्हा हाच साधा नियम तिथे कुणी पाळलेला नसतो.

मी स्वयंपाकघरात किंवा भांड्यांच्या मोरीवर होतो. ग्राहकाशी कधी बोललोच नाही. माझ्या अनुभवाला काय किंमत?

तुमच्या अनुभवाला वेगळ्या दिशेने मागणी आहे. चांगल्या स्वयंपाकघरात कच्चे आणि शिजवलेले अन्न वेगळे ठेवले जाते, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांच्या सुऱ्या आणि पाट वेगळे असतात, आधी आलेला माल आधी वापरला जातो, प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी असते आणि फ्रीजच्या तापमानाची नोंद वहीत होते. वाढण्यासाठी ठेवलेले गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड अन्न ५ अंशांच्या खाली आणि गोठवलेला माल उणे १८ अंशांवर ठेवायचा, हे आकडे तुम्हाला पाठ असतील, तर अन्नप्रक्रिया कारखाना, शीतगृह, दूध डेअरी, औषधांचे गोदाम किंवा रुग्णालयाचा आहार विभाग येथे तुमचे बोलणे अनोळखी वाटणार नाही. औषधांचे आकडे वेगळे असतात, परंतु तापमान पाहणे, लिहिणे, बिघडले तर लगेच कळवणे आणि संशयित माल बाजूला काढणे ही शिस्त तीच असते.

अन्नातील धोके आधीच ओळखून ज्या टप्प्यावर ते रोखता येतात तिथे नियंत्रण ठेवण्याची ‘हॅसप’ नावाची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या अंतराळवीरांच्या अन्नासाठी पिल्सबरी कंपनीच्या सहभागाने विकसित झाली. आज ती जगभरच्या अन्न उद्योगात वापरली जाते. हॉटेलात तिचे नाव न ऐकताही तिचा काही भाग तुम्ही रोज पाळलेला असतो, त्यामुळे कारखान्यातील गुणवत्ता विभागात साहाय्यक म्हणून शिरताना तिचे औपचारिक प्रशिक्षण तुम्हाला लवकर उमगते.

मोरीवरच्या कामाविषयी स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते, कारण त्याला सर्वांत कमी लेखले जाते. ताटे वेळेत धुऊन पुढे गेली नाहीत तर तयार जेवण वाढायला भांडे नसते आणि पूर्ण हॉटेल थांबते. आपल्या कामावर पुढच्या दहा माणसांचे काम अवलंबून आहे ही जाणीव, आणि कुणाचे लक्ष नसतानाही स्वच्छतेत कसूर न करणे, या दोन गोष्टी कारखान्यातील उत्पादन साखळीवरील पर्यवेक्षक शोधत असतो.

गल्ल्यावर किंवा स्टोअरमध्ये काम केले असेल तर?

मग तुमच्याकडे हिशोबाचा असा अनुभव आहे, जो वाणिज्य शाखेच्या अनेक पदवीधरांकडे पदवी घेताना नसतो. दिवसाच्या शेवटी रोख, कार्ड आणि यूपीआयची रक्कम बिलांशी जुळवणे, सुट्या पैशांचा हिशोब ठेवणे, रद्द झालेल्या बिलांची कारणे लिहून घेणे ही सगळी लेखापालाची कामे आहेत. केओटीशिवाय स्वयंपाकघरातून पदार्थ बाहेर पडू नये, आणि दिवसाअखेर केओटी व बिले जुळली पाहिजेत, ही व्यवस्था म्हणजे लेखापरीक्षक ज्याला अंतर्गत नियंत्रण म्हणतात त्याचे उत्तम उदाहरण आहे: माल हलण्यापूर्वी कागद हवा, आणि मागणारा, देणारा व पैसे घेणारा ही तीन वेगळी माणसे हवीत.

स्टोअरमध्ये सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी मिळवून आणि महिनाअखेरचा साठा वजा करून खप काढला जातो. विकलेल्या मालाची किंमत कुठल्याही व्यापारी कंपनीत याच सूत्राने निघते. दोनशे रुपयांना विकल्या जाणाऱ्या पदार्थाला सत्तर रुपयांचा कच्चा माल लागतो, म्हणजे फूड कॉस्ट ३५ टक्के झाली, हे गणित ज्याने रोज केले आहे, आणि टोमॅटो महागला की कोणत्या पदार्थांवर त्याचा परिणाम होईल हे जो न लिहिता सांगू शकतो, त्याने खरेदी विभाग, किरकोळ विक्रीची दुकाने, गोदामे आणि घाऊक व्यापार येथे अर्ज करताना बिचकण्याचे कारण नाही. मुलाखतीत हे सूत्र उदाहरणासह मांडावे. पदवीपेक्षा त्याचा परिणाम कित्येकदा अधिक होतो.

कोणत्या क्षेत्रांत हा अनुभव सर्वाधिक उपयोगी पडतो?

जिथे अनोळखी माणसांशी रोज प्रत्यक्ष संबंध येतो, पाळ्यांमध्ये काम चालते आणि गर्दीच्या वेळा ठरलेल्या असतात, तिथे तो सर्वाधिक उपयोगी पडतो. खासगी रुग्णालयांतील रुग्णसेवा विभाग, विमानतळावरील सेवा आणि केबिन क्रू, कापड व इलेक्ट्रॉनिक्सची मोठी दुकाने, बँकांच्या शाखांतील ग्राहकसेवा, कार्यालयीन संकुलांची देखभाल पाहणाऱ्या कंपन्या आणि कार्यक्रमांचे आयोजन ही त्याची ठळक उदाहरणे आहेत. ऑनलाइन ऑर्डर घेणाऱ्या कंपन्या, बिलिंगचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या, भांडी, मसाले, यंत्रे आणि गोठवलेले पदार्थ हॉटेलांना पुरवणारे वितरक यांना तर हॉटेल आतून माहीत असलेला माणूसच हवा असतो. हॉटेलमालक दुपारी तीन ते पाच या वेळेतच निवांत बोलू शकतो आणि जेवणाच्या वेळी आलेल्या विक्रेत्याला तो दारातूनच परत पाठवतो, एवढी साधी गोष्ट बाहेरून आलेल्या विक्रेत्याला कळायला काही महिने जातात.

इंजिनिअरिंग किंवा सॉफ्टवेअरमध्ये जायचे असेल तर हा अनुभव लिहावा का?

लिहावा, पण तांत्रिक कौशल्यांच्या खाली आणि थोडक्यात. संगणकाच्या चिप विकसित करणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचे सहसंस्थापक जेन्सन ह्वांग किशोरवयात अमेरिकेतील डेनीज या रेस्टॉरंट साखळीत भांडी धुणे, टेबल आवरणे आणि वेटर ही कामे करत होते. त्या कामाविषयी ते आजही जाहीरपणे आणि अभिमानाने बोलतात, आणि १९९३ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीची सुरुवातीची चर्चाही डेनीजच्याच एका शाखेत बसून झाली होती. अशी उदाहरणे मनाने उभारी धरावी म्हणून ठीक आहेत; त्यांतून वेटर झालेला प्रत्येक जण उद्योजक होतो असे काही सिद्ध होत नाही. सॉफ्टवेअर कंपनी तुमची निवड तुमच्या प्रोग्रामिंगवरच करेल. परंतु दोन उमेदवार सारखे असतील आणि त्यांपैकी एकाने शिक्षणाचा खर्च स्वतः कमावत गर्दीच्या वेळी संघात काम केलेले असेल, तर ती नोंद पारडे झुकवू शकते, विशेषतः ग्राहकाशी बोलावे लागणाऱ्या सपोर्ट आणि अंमलबजावणीच्या जागांसाठी.

घरचे म्हणतात, ‘हॉटेलात होतो हे कुणाला सांगू नकोस.’ त्यांचे ऐकावे का?

त्यांची काळजी समजून घ्यावी, पण बायोडेटातून ते काम गाळू नये. लपवलेल्या काळाची जागा रिकामी दिसते, आणि ‘या दीड वर्षात काय केले?’ या प्रश्नाला अडखळत दिलेले उत्तर हॉटेलातील कामापेक्षा कितीतरी अधिक नुकसान करते.

आपल्याकडे हॉटेलातील नोकरीला जो कमीपणा चिकटला आहे, त्याला आपल्याच इतिहासात उत्तर आहे. मुंबईत दक्षिण कन्नड आणि उडुपी भागातून आलेली असंख्य मुले दिवसा उडुपी हॉटेलांत राबली आणि रात्रशाळांत शिकली. त्यांतून पुढे वकील झाले, बँकेतले अधिकारी झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने श्रम करून शिकणे हीच प्रतिष्ठेची गोष्ट मानली, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील ‘कमवा आणि शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. अभिनेते बोमन इराणी यांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वेटर आणि रूम सर्व्हिसचे काम केले, नंतर घरचे दुकान सांभाळले, छायाचित्रण केले आणि मग अभिनयाकडे वळले. हॉटेलातील त्या दिवसांविषयी ते मुलाखतींत मोकळेपणाने सांगतात. आईवडिलांना हे सगळे एकदा शांतपणे सांगून पाहावे. शेजारी काय म्हणतील ही भीती बहुधा पहिली चांगली नोकरी लागेपर्यंतच टिकते.

बायोडेटामध्ये हे काम कसे लिहावे?

पदाचे नाव खरे लिहावे. वेटरला ‘अतिथी अनुभव अधिकारी’ म्हटल्याने वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. बदल करायचा तो पदाखालच्या ओळींत. ‘ग्राहकांना सेवा दिली’ ही ओळ काहीच सांगत नाही. त्याऐवजी, उदाहरणार्थ, ‘८० आसनांच्या हॉटेलात ६ टेबलांचा विभाग स्वतंत्रपणे सांभाळला, शनिवार-रविवारी संध्याकाळच्या पाळीत काम, ३ नव्या वेटरना बिलिंग यंत्र आणि केओटीची पद्धत शिकवली, रात्री रोकड मिळवणीत कॅशियरला मदत’ असे लिहिले तर जागेचा आकार, कामाचा ताण, शिकवण्याची क्षमता आणि पैशांबाबतचा विश्वास या चारही गोष्टी एकाच वेळी दिसतात. आकडे तुमचे स्वतःचे आणि खरे असावेत, कारण मुलाखतीत त्यांवरच प्रश्न येतात.

अर्ज कोणत्या जागेसाठी आहे त्यानुसार ओळींचा क्रम बदलावा. गोदामातील जागेसाठी साठा आणि माल उतरवून घेण्याची ओळ वर येईल. रुग्णालयातील स्वागतकक्षासाठी तक्रारी आणि भाषा वर येतील. भाषांचा उल्लेख विसरू नये: मराठी, हिंदी, कामापुरते इंग्रजी आणि सहकाऱ्यांकडून शिकलेली कन्नड, नेपाळी किंवा बंगाली ही हॉटेलाने दिलेली मोठी शिदोरी आहे. सॉफ्टवेअरची नावेही लिहावीत. बिलिंगची प्रणाली, ऑनलाइन ऑर्डरचे ॲप, एक्सेलमधील साठ्याचा तक्ता, जे वापरले ते लिहावे.

मुलाखतीत काय सांगावे?

एक घडलेला प्रसंग तयार ठेवावा आणि तो चार भागांत सांगावा: परिस्थिती काय होती, तुमची जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केले आणि शेवटी काय झाले. दोन मिनिटांत संपणारा प्रसंग पुरेसा असतो. वाढदिवसाची मोठी मंडळी न कळवता आली, दोन माणसे रजेवर होती, तेव्हा तुम्ही मोजकेच पदार्थ सुचवून स्वयंपाकघरावरचा ताण कसा कमी केला, हा प्रसंग पाठ केलेल्या ‘मला दडपणाखाली काम करता येते’ या वाक्यापेक्षा शंभर पटींनी बोलका आहे. आधीच्या मालकाविषयी कटू बोलू नये, अन्याय झालेला असला तरीही. ‘नोकरी का सोडली?’ याला ‘शिक्षणाशी सुसंगत काम हवे आहे’ किंवा ‘पाळ्यांमुळे अभ्यास होत नव्हता’ असे सरळ उत्तर द्यावे.

माझ्याकडे नेमणूकपत्र नाही, अनुभवाचा दाखलाही नाही. पुरावा काय देऊ?

हा या पानावरील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. छोट्या हॉटेलांत तोंडी बोलीवर नोकरी लागते आणि तोंडीच संपते. माणूस पाच वर्षे राबतो आणि त्याच्या हातात एक कागदही नसतो. गोव्यातील तारवटींची, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांची, स्थिती यापेक्षा बरी म्हणायची. जहाजावर कूक किंवा स्ट्युअर्ड म्हणून जाणाऱ्या माणसाच्या सीडीसी पुस्तिकेत प्रत्येक सफरीची नोंद होते आणि ती पुस्तिका आयुष्यभर त्याची साक्ष देते. जमिनीवरच्या हॉटेल कामगाराला असे पुस्तक कुणी देत नाही, म्हणून त्याला आपले पुरावे स्वतः जमवावे लागतात.

पहिला पुरावा भविष्य निर्वाह निधीचा. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या हॉटेलांना हा कायदा लागू होतो. तुमचा पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएन या कायमच्या पीएफ क्रमांकाखाली कोणत्या आस्थापनेत किती काळ काम केले याची नोंद पोर्टलवर दिसते, आणि मोठ्या कंपन्या उमेदवाराची पडताळणी करताना तीच नोंद आधी पाहतात. दुसरा, ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा क्रमांक. तिसरा, पगार बँकेत जमा होत असेल तर खात्याचा उतारा. यांपैकी काहीही नसेल, तर मालकाकडून किंवा मॅनेजरकडून हॉटेलाच्या शिक्क्यासह, कामाचा कालावधी आणि पद लिहिलेले साधे पत्र घ्यावे. नोकरी सोडताना संबंध बरे असतात तेव्हाच ते मागावे. दोन वर्षांनी मॅनेजर बदललेला असतो.

याशिवाय कौशल्याचा पुरावा वेगळा मिळवता येतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत काम करत शिकलेल्या माणसाची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ‘आरपीएल’ या नावाने करण्यात आली, आणि पर्यटन व हॉटेल क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा ‘फोस्टॅक’ अन्नसुरक्षा अभ्यासक्रम थोड्या काळात पूर्ण होतो. परवानाधारक अन्न व्यवसायांना दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो, त्यामुळे या प्रमाणपत्राला कारखान्यांत आणि मोठ्या कॅन्टीनमध्येही अर्थ आहे.

परदेशात शिकताना हॉटेलात काम केले तर ते पुढे मोजले जाते का?

जाते, मात्र ते कायदेशीर असले पाहिजे. ब्रिटनमध्ये पदवी पातळीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची आणि कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून महाविद्यालयाबाहेर आठवड्याला २४ तासांची मर्यादा लागू झाली. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. अमेरिकेचा नियम सर्वांत कडक आहे: एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या आवाराबाहेर विशेष परवानगीशिवाय काम करता येत नाही, विद्यापीठाच्या आवारातील भोजनगृहात मात्र सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यावर विद्यापीठाच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

ओळखीच्या भारतीय रेस्टॉरंटमध्ये रोखीने, नोंद न करता काम करण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने व्हिसा धोक्यात येतो, मजुरी बुडाली तर दाद मागता येत नाही आणि तो अनुभव बायोडेटावर लिहिताही येत नाही. नोंदणीकृत कामाचा मात्र दुहेरी लाभ असतो: पगारपत्रक हाती राहते आणि त्या देशातल्या वरिष्ठाचे नाव संदर्भासाठी देता येते, जे तिथली पहिली कार्यालयीन नोकरी शोधताना फार मोलाचे ठरते.

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी घेऊन दुसऱ्या क्षेत्रात जाणे म्हणजे शिक्षण फुकट घालवणे नव्हे का?

नाही. १९५४ मध्ये सुरू झालेल्या, ‘दादर कॅटरिंग कॉलेज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या संस्थेपासून आजच्या असंख्य खासगी महाविद्यालयांपर्यंत, या अभ्यासक्रमात हिशोब, स्वच्छता, व्यवस्थापन, संवाद आणि प्रत्यक्ष काम हे सगळे एकत्र शिकवले जाते, आणि तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी विमान कंपन्या, बँका आणि किरकोळ विक्री यांत फार पूर्वीपासून जात आले आहेत.

किती काळ काम केले तर अनुभव म्हणता येईल?

एका ठिकाणी सलग सहा महिने ते वर्षभर काम केलेले असावे असे मला वाटते. तेवढ्या काळात सणांची गर्दी, मंदीचे दिवस, माणसांची कमतरता हे सगळे पाहून होते. दर दोन महिन्यांनी जागा बदललेली असेल तर ती सर्व कामे एकाच शीर्षकाखाली एकत्र लिहावीत.

लहान वयात हॉटेलात काम केले आहे. ते लिहावे का?

चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल आणि ढाब्यांत कामाला ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ सर्व व्यवसायांना लागू झाली. त्या वयातील कामाची जबाबदारी मुलाची नव्हती, त्यामुळे त्यात लाज वाटण्यासारखे काहीही नाही. तरीही बायोडेटामध्ये अठरा वर्षांनंतरचेच काम लिहावे. बालपणीच्या कष्टांविषयी बोलायचे की नाही, हा निर्णय पूर्णपणे तुमचा आहे आणि मुलाखत घेणाऱ्याचा त्यावर हक्क नाही.

हॉटेलातील कोणत्या गोष्टी बाहेर उपयोगी पडत नाहीत?

बारा-चौदा तास उभे राहणे हे कौशल्य नाही. ब्रेक शिफ्टमध्ये सकाळी, मग पुन्हा संध्याकाळी राबणे, साप्ताहिक सुट्टी बुडणे आणि शिव्या ऐकून गप्प बसणे यांना ‘तावून सुलाखून निघणे’ म्हणून गौरवू नये. ती कामगाराची पिळवणूक आहे, आणि तिची सवय लागलेला माणूस पुढच्या नोकरीतही आपले हक्क मागायला कचरतो. बाहेर पडल्यावर ही सवय मुद्दाम सोडावी लागते.

काही उणिवाही प्रामाणिकपणे मान्य कराव्यात. हॉटेलात बहुतेक संवाद तोंडी असतो, त्यामुळे ई-मेल, अहवाल आणि बैठकीची टिपणे लिहिण्याचा सराव नसतो. प्रत्येक काम अर्ध्या तासात संपण्याची सवय असल्याने सहा महिने चालणाऱ्या प्रकल्पात सुरुवातीला अस्वस्थ वाटते. स्वयंपाकघरातील रोखठोक बोलणे कार्यालयात उद्धट वाटू शकते. आणि जिथे कायद्याने ठरावीक पदवी किंवा नोंदणी लागते, जसे परिचारिका, सनदी लेखापाल, वकील, तिथे कितीही वर्षांचा अनुभव त्या पात्रतेची जागा घेऊ शकत नाही.

क्षेत्र बदलताना पगार कमी होईल का?

पहिल्या वर्षी होऊ शकतो, विशेषतः कॅप्टन किंवा मॅनेजर असाल आणि टिप्स, जेवण, राहण्याची सोय मिळत असेल तर. तुलना करताना हातात येणाऱ्या रकमेत जेवणाचा आणि खोलीचा खर्च मिळवून पाहावा, मग पीएफ, विमा, सुट्ट्या आणि पगारवाढीची शक्यता मोजावी. कुटुंब तुमच्या टिप्सवर चालत असेल, तर तीन-चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवल्याशिवाय उडी मारू नये.

मी अजून हॉटेलातच काम करतो आहे. आतापासून काय करून ठेवावे?

एक वही ठेवावी आणि महिन्यातून एकदा तिच्यात लिहावे: कोणते नवे काम शिकलात, किती माणसांना शिकवले, कोणती तक्रार कशी मिटवली, साठ्यात किंवा नासाडीत काय फरक पडला. दोन वर्षांनी बायोडेटा लिहिताना आठवणीवर ताण द्यावा लागणार नाही. मॅनेजरला सांगून स्वयंपाकघर, स्टोअर आणि गल्ला यांपैकी आपण न केलेल्या एका ठिकाणी आठवड्यातून काही तास काम मागावे. दुपारच्या मोकळ्या वेळेत एक्सेल किंवा टायपिंग शिकावे. मराठीत चार ओळींचा नीटनेटका ई-मेल लिहिण्याचा सराव करावा आणि मग तोच इंग्रजीत करून पाहावा. आणि आजच एक काम करावे: पीएफ कापला जात असेल तर यूएएन पोर्टलवर जाऊन आपले नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का ते तपासावे, कारण ती चूक नोकरी चालू असताना सहज दुरुस्त होते आणि हॉटेल बंद पडल्यावर तिच्यासाठी महिनोन्महिने हेलपाटे घालावे लागतात.